फादरांच्या नावावरच्या दोन ओळी

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे बसते तेव्हाही हे सोडून बाकीचं सगळं बोलते. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हेच एक कारण असेल. आणि सांगताना फार काही वाटतही नाहीये, हे आधीच सांगून टाकते. रडू वगैरे येत नाही. दाताच्या डॉक्टरनं भूल दिल्यावर आपलाच ओठ आपण चावतो आणि कळत नाही ना — तसं काहीसं.

मी दुबईच्या पलीकडे, रास अल खैमाला एका टाइल्सच्या कारखान्यात एचआरमध्ये आहे. चौदा वर्षं झाली. व्हिसा, मेडिकल, इन्शुरन्सचे क्लेम, रजेचे अर्ज — हे माझं काम. ऑफिसात मराठी बोलणारी मी एकटीच. बाकीचं मराठी सगळं कॅम्पवर, कामगारांच्या वस्तीत. खेड, गुहागर, मंडणगडकडची माणसं, भट्टीवर आणि पॅकिंगला. मला ताई म्हणतात.

आणि फादर. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. साठीचे, इंग्रज, उंच, खांद्यात वाकलेले, उन्हानं नाक कायम सोललेलं. कंपनीची इंग्लिश पत्रकं, कॅटलॉग, वेबसाइट — सगळ्यातलं इंग्लिश ते दुरुस्त करायचे. कधीकाळी ते चर्चमध्ये पाद्री होते हे कुणाला तरी कळलं, आणि चहावाल्यापासून सगळे त्यांना फादर म्हणायला लागले. "आमच्या पंथात पाद्र्याला फादर म्हणत नाहीत," ते सांगायचे, "आणि आता तर मी पाद्रीही नाही." कुणी ऐकलं नाही. मग त्यांनीही सोडून दिलं.

पाद्रीपण का सोडलं? मी एकदा विचारलं होतं. चहाच्या सुट्टीत, पँट्रीत उभ्याउभ्या, तीन-चार दिवस पुरवून पुरवून त्यांनी सांगितलं.

इंग्लंडच्या उत्तरेला, मेंढ्यांच्या मुलखात, एका खेड्याचं चर्च त्यांनी बावीस वर्षं सांभाळलं. लग्नं लावली, बाळांचे बाप्तिस्मे केले, माणसं पुरली. चर्चचं एक चार पानी मासिक निघायचं. कुठल्या रविवारी फुलं कुणी आणायची, कुणाचं मांजर हरवलंय, असलं सगळं. त्यात एक कोपरा दर महिन्याला रिकामा राहायचा. तिथे त्यांनी गंमत म्हणून चार ओळी लिहिल्या, बिशपच्या नव्या गाडीवर. लोक हसले. पुढच्या महिन्यात गावच्या पायवाटेवरच्या फाटकाला कुलूप लावणाऱ्या एका जमीनदारावर. मग चर्चची पायरी न चढणारी माणसंही मासिक मागायला दारात येऊ लागली. "माझ्या प्रवचनाला अकरा जण असायचे," फादर म्हणाले, "आणि कवितेला अख्खं गाव."

चर्चची घंटा वाजवणारा एक म्हातारा होता. प्यायचा. फादरांनी त्याच्यावर लिहिलं — नक्की घंटा झुलतेय की माणूस, असं काहीतरी. गाव पोट धरून हसलं. म्हातारा परत चर्चमध्ये आला नाही. तो गेला तेव्हा त्याची बायको दारात फादरांना म्हणाली, "त्याला ती कविता पाठ होती. अंथरुणात पडून म्हणायचा."

फादरांनी त्याचा अंत्यविधी केला आणि त्याच महिन्यात राजीनामा दिला. चर्च सोडलं, कविता सोडली नाही. मी विचारलं, उलटं नको होतं का करायला? हसले नाहीत. म्हणाले, "हवं होतं. पण कविता सुटेना."

पुढे एका वर्तमानपत्रात दर आठवड्याला त्यांची कविता यायची. मंत्र्यांवर, बँकवाल्यांवर. पबमध्ये उभे राहून वाचायचे. थोडं नाव झालं. मग बायको गेली, वर्तमानपत्र बंद पडलं, आणि कुणाच्या तरी ओळखीनं ते इकडे आले. पण त्या म्हाताऱ्यानंतर त्यांनी एक नियम केला होता, तो मला दोनदा तरी सांगितला. माणसाच्या खुर्चीवर लिहायचं. त्याच्या घरात शिरायचं नाही.

हा नियम मला माहीत होता. हे लक्षात ठेवा — म्हणजे, ठेवलं नाही तरी चालेल. मी ठेवलंय.

इकडेही ते लिहायचे. रद्दी प्रिंटआउटच्या पाठीवर, पेन्सिलीनं. पण जपून. इथले कायदे त्यांना ठाऊक होते. चेष्टेतला एक मेसेज पोलिसांपर्यंत जाऊ शकतो, हे इथे कुणाला माहीत नसतं? म्हणून कागद फक्त मला दाखवायचे. मी वाचायची, हसायची, परत द्यायची. मग ते फाडून टाकायचे. मला का दाखवायचे? मी कॉलेजात असताना वात्रटिका लिहायचे, सांगलीला एकदा पहिला नंबर आला होता, असं मीच त्यांना सांगून बसले होते. तेव्हापासून ते मला सहकारी म्हणायचे. ऑफिसातली सहकारी नव्हे — कवितेतली.

चार वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. कॅम्पच्या एका इमारतीतले एसी बंद पडले. एक दिवस, दोन दिवस, सहा दिवस. पार्ट येतोय, असं मेंटेनन्सवाले सांगत होते. माणसं ओल्या चादरी अंगावर घेऊन गच्चीत झोपत होती. आणि नेमका त्याच आठवड्यात कंपनीचा 'हॅपिनेस वीक' होता. कॅम्पच्या दारावर भलामोठा हसरा चेहरा छापलेला फ्लेक्स लागला. जनरल मॅनेजर साहेबांनी फीत कापली आणि सगळ्यांना आइस्क्रीमचे कोन वाटले.

फादर ते बघून आले आणि दुसऱ्या दिवशी पँट्रीत माझ्यापुढे कागद धरला. आठ ओळी. एसी, फ्लेक्स, फीत, आइस्क्रीम. कुणाचं नाव नाही, शिवी नाही. मला खूप हसू आलं. तेवढ्यात त्यांना फोन आला आणि ते बाहेर गेले. मी कागदाचा फोटो काढला. ते परत आले तेव्हा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी फाडला.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्याचं मराठी केलं. वीस मिनिटांत झालं. कित्येक वर्षांनी हात इतका भरभर चालला होता.

एसी मेला सहा दिवस अन् घामामध्ये उशी,
दारावरती फ्लेक्स लागला — 'इथे नांदते खुशी'.
साहेबांनी फीत कापली, हाती आले कोन,
खोलीपाशी पोचेतोवर कागद उरले दोन.

इथे थांबायचं होतं. फादरांच्या आठ ओळींतलं सगळं ह्या चारांत आलं होतं. पण मी थांबले नाही. पुढे लिहिलं —

घरचे पोरच बोलत नाही, तिथे न चाले जोर,
आम्हांला पण 'हसा' म्हणाया राही उभा समोर.

जीएम साहेबांना एकच मुलगी. तेव्हा नऊ वर्षांची. ती बोलत नाही. तिचे स्पीच थेरपीचे कागद अबुधाबीच्या हॉस्पिटलमधून माझ्याकडे यायचे, कारण इन्शुरन्सचे क्लेम मी करते. ऑफिसात हे जवळजवळ कुणाला माहीत नव्हतं. साहेबांनी मला एकदाच, फाइल देताना, सांगितलं होतं, "मॅडम, ये बात आपके पास ही रहे." तिच्या वाढदिवसाला त्यांनी फादरांना आणि आम्हाला घरी बोलावलं होतं. पूर्ण संध्याकाळ ती माझ्या लेकीचा, इराचा हात धरून बसली होती. गाडीत बसल्यावर इरा म्हणाली, "शी इज सो स्वीट, आई."

त्या माणसानं माझं काही वाईट केलं होतं का? नाही. इराच्या शाळेच्या प्रवेशाला चिठ्ठी त्यांनीच दिली होती. एसीचा राग होता का? असेल. पण राग पहिल्या चार ओळींत संपला होता. मग ह्या दोन कुठून आल्या? मी खूपदा विचार केलाय. यमक सुचलं. एवढंच सापडतं. यमक सुचलं, आणि ते मला सोडवेना.

आमचा इथल्या आठ मराठी बायकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर मी ते टाकलं. वर लिहिलं — 'कुणीतरी पाठवलंय, वाचा.' मग तासभर हसण्याच्या खुणा येत राहिल्या. 'कोणी लिहिलंय गं? जबरदस्त!' मी फोन पुनःपुन्हा उघडून बघत होते. शेवटच्या दोन ओळींचा नेमका अर्थ त्यांतल्या कुणालाच कळला नसणार. सगळ्यांना वाटलं, असेल साहेबांचं कुणीतरी अबोल, हट्टी पोर.

त्या आठजणींतली एक म्हणजे पॅकिंगच्या सुपरवायझरची, कदमांची बायको. तिच्याकडून कदमांकडे गेलं आणि कदमांकडून कॅम्पवर.

हॅपिनेस वीकच्या शेवटच्या दिवशी जीएम स्टेजवर आले. माइक हातात घेऊन त्यांनी विचारलं, "कैसे हो सब लोग? खुश?" मागच्या रांगेतून पाच-सात जणांनी एका सुरात म्हटलं — "कागद उरले दोन!" सगळा कोकणचा घोळका खदखदून हसला. साहेबही हसले. मग कदमांना विचारलं, "क्या बोल रहे हैं?" कदम गडबडले. साहेबांनी हात पुढे केला. कदमांनी फोन दिला.

तासाभरानं मला केबिनमध्ये बोलावलं. "ये किसने लिखा, मॅडम?"

बघा, इथेही वेळ होती. मी म्हणू शकले असते, माहीत नाही. खोटंच बोलायचं होतं तर निदान ते. पण मी म्हणाले, "सर, कल्पना फादरांची असावी. ते असं लिहितात. मराठी कॅम्पवरच्या कुणीतरी केलं असेल."

एका दमात दोघांना पुढे केलं. फादरांना, आणि कॅम्पवरच्या कुणाला तरी. माझा आवाजसुद्धा हलला नाही.

फादर आले. साहेबांनी मला सांगितलं, "ह्याचं इंग्लिश करून वाचा. एकेक ओळ." मी वाचलं. माझ्या ओळींचं मीच भाषांतर करत होते, ज्यांच्या कवितेवरून त्या केल्या त्यांच्यासमोर. पहिल्या चार ओळींना फादर मान डोलावत होते. स्वतःचं पोर परक्या कपड्यात बघावं, तसं त्यांच्या तोंडावर जरा हसूही होतं. मग मी शेवटच्या दोन वाचल्या. नीट वाचल्या. एक शब्द सौम्य केला नाही. का केला नाही? साहेबांना मराठी थोडं कळत असेल, असं वाटलं. पकडले जाईन, असं वाटलं.

साहेबांचा चेहरा मी पाहिला नाही. टेबलावरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. फादर माझ्याकडे पाहत होते, ते मात्र कळत होतं. त्यांनी तो कागद जगात फक्त एकाच माणसाला दाखवला होता.

"हे तुम्ही लिहिलंत?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"शेवटच्या दोन ओळीसुद्धा?"

फादरांनी माझ्यावरची नजर काढली. "हो," फादर म्हणाले. "त्याही."

"तुम्ही माझ्या घरी जेवलात," साहेब म्हणाले. आवाज अगदी बारीक. "माझ्या मुलीनं तुम्हाला पाणी आणून दिलं."



मग साहेबांनी विचारलं की मराठी कुणी केलं. त्याचं नाव हवं होतं. कॅम्पवर एकेकाला बोलावून विचारीन, सापडेल त्याला परत पाठवीन, म्हणाले. ह्या शोधाचं पुढे काय झालं असतं? कदम, कदमांची बायको, आमचा ग्रुप, मी. दोन दिवस पुरले असते. पण त्याआधी कॅम्पवरची किती माणसं त्या केबिनच्या दारात उभी राहिली असती, कोण जाणे.

"कुणी नाही," फादर म्हणाले. "कंप्युटरवर केलं. भाषांतराचं असतं ना, त्यात. मग मीच एका मुलाच्या फोनवरून पुढे पाठवलं. कोण होता, आता आठवत नाही."

कंप्युटरनं यमक जुळवलं! साहेबांना पटलं असेल का? मला वाटतं त्यांना त्या क्षणी मराठी कुणी केलं, पुढे कुणी पाठवलं, ह्यात रस उरला नव्हता. त्यांना समोर एक माणूस मिळाला होता. पोलिसांत जात नाही, हे त्यांनी मोठं मन करून सांगितलं. आठवड्याच्या आत देश सोडायचा, एवढीच अट.

मी त्या खोलीत उभी होते. तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं — व्हिसा, नोकरी, इराची शाळा, नवऱ्याचे प्रश्न — हे सगळं तेव्हा डोक्यात आलं असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही आलं. काहीच आलं नाही. एसीचा आवाज ऐकू येत होता. त्या खोलीतला एसी उत्तम चालला होता.

कॅम्पचे एसी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाले. हे सांगायला हवं म्हणून सांगते. ह्याचा मला काही उपयोग नाही.

फादरांचा व्हिसा रद्द करायचे कागद मीच तयार केले. ते माझंच काम. सह्या कुठे करायच्या तिथे पिवळ्या चिकटपट्ट्या लावून ठेवल्या. ते समोर बसले, एकेक सही करत गेले. आमचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांची कामं करणारा माणूस, दारात उभा राहून घाई करत होता. "यल्ला, मॅडम, यल्ला."

शेवटच्या सहीनंतर फादरांनी पेनाला टोपण लावलं.

"एक विचारू? शेवटच्या दोन ओळींत यमक जुळतं? तुमच्या भाषेत?"

"जुळतं," मी म्हणाले.

"हं." त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. "तसंच असतं ते."

एवढंच. रागावले नाहीत. क्षमाही केली नाही — म्हणजे, केली असती तर निदान मला काहीतरी नाकारता आलं असतं. "खलास?" मंदूबनं विचारलं. "खलास," मी म्हणाले. ते गेले.

त्या वर्षी मला बढती मिळाली. त्या प्रकरणात मॅडमनी प्रामाणिकपणे सहकार्य केलं, असं साहेबांनी शिफारशीत लिहिलं होतं. ती शिफारस माझ्याच फाइलला मी लावली. साहेबांनी त्यानंतर ऑफिसातल्या कुणाला कधी घरी बोलावलं नाही. वर्षभरानं ते दुसरीकडे गेले. जायच्या दिवशी मुलीला घेऊन आले होते. ती सगळ्या टेबलांपाशी गेली, माझ्याही. माझ्या टेबलावरचा स्टेपलर उचलून पाहिला, परत ठेवला. मी तिच्याशी काय बोलले? काही नाही. ती बोलत नाही, मग मीही बोलले नाही. किती सोपं होतं.

फादरांची एकदाच मेल आली होती. त्याच जुन्या गावात बहिणीकडे राहतोय, इथे पाऊस आहे, गुडघा दुखतो, आणि तुम्ही लिहिता की नाही? मी उत्तर दिलं नाही. आज देऊ, उद्या देऊ, असं म्हणत नव्हते. देणार नव्हतेच. मी लिहीत नाही. त्या सहा ओळींनंतर एक ओळही लिहिलेली नाही. पण त्याला शिक्षा म्हणू नका, मला काही त्रास होत नाही त्याचा.

ह्या मार्चमध्ये कंपनीच्या पत्त्यावर त्यांच्या बहिणीची मेल आली. एचआर म्हणून माझ्याकडेच. फादर गेले. अंत्यविधीच्या वेळी वाचायला म्हणून, त्यांच्याबरोबर काम केलेल्या कुणी दोन शब्द लिहून पाठवले तर बरं होईल, असं तिनं लिहिलं होतं. मी चार ओळी लिहिल्या. वेळेवर येत. इंग्लिश उत्तम. सर्वांशी सौजन्यानं वागत. आम्हाला त्यांची आठवण येईल. कंपनीच्या लेटरहेडवर घेतलं, सही केली, पाठवलं. दहा मिनिटांचं काम.

तीन आठवड्यांनी तिचं उत्तर आलं. आभार मानले होते. गावातले बरेच जण विधीला आले नाहीत, असं लिहिलं होतं. गल्फमधून त्यांना का काढलं, असं कुणीतरी विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितलं होतं — एका मुक्या मुलीची चेष्टा करणारी कविता माझ्या नावावर आहे, म्हणून. त्यापुढे कधी एक शब्द नाही. गावाला तो घंटेवाला म्हातारा आठवतच होता. माणूस बदलत नाही, असं लोक म्हणाले. 'मीही शेवटपर्यंत त्याच्याशी ह्या विषयावर नीट बोलू शकले नाही,' तिनं लिहिलं होतं. 'मी त्याची बहीण, पण मला त्याची थोडी लाज वाटायची. तुमचे चांगले शब्द वाचून बरं वाटलं. तुम्ही तेव्हा तिथे होतात. त्यानं खरंच तसं लिहिलं होतं का?'

ही मेल वाचून चार महिने झाले. मी उत्तर दिलेलं नाही.